डूलॅली म्हणजे काय रे भाऊ? देवळालीहून इंग्रजीत गेलेल्या एका विशेषणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन वर्षांपूर्वी आमच्या यूकेच्या क्लायंटकडच्या एका बाईंनी सकाळी सकाळी चॅटवर टाकलं, "द सर्व्हर हॅज गॉन अ बिट डूलॅली." मला वाटलं डिलेडचं स्पेलिंग चुकलंय, घाईत टाइप केलं असणार, म्हणून मी बिनधास्त उत्तर दिलं की डिले वगैरे काही नाही, दहा मिनिटांत वर येतो. त्यांनी हसून लोळणारा इमोजी पाठवला. मग मी तो शब्द शोधला आणि खुर्चीतच सरळ होऊन बसले, कारण मी नाशिकरोडची, माझा मामा देवळाली कॅम्पात राहतो, आणि लहानपणी दर सुट्टीत ज्या गावाला रिक्षाने गेले ते गाव इंग्रजी डिक्शनरीत "वेडा" या अर्थाने बसलंय हे मला वयाच्या तिसाव्या वर्षी एका सर्व्हरमुळे कळलं. तेव्हापासून ही गोष्ट ज्याला त्याला सांगत सुटलेय आणि सगळे तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाचं लिहून काढलं.

डूलॅलीचा अर्थ नेमका काय?

डोकं फिरलेला, सटकलेला, भ्रमिष्ट. पण हे सगळं हलक्या सुरात. रागाने "वेडा आहेस का" म्हणतो तसं नाही, तर घरातलं माणूस चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधत असतं तेव्हा आपण "ह्यांचं आता कठीण आहे" म्हणतो ना, तो सूर. तान्ह्या बाळाने आठवडाभर झोपू दिलं नाही तर बाळाची आई म्हणेल, मी डूलॅली होणार आता. मशीनलाही चालतं. प्रिंटर, फोन, कारचा जीपीएस, जे काही नीट वागत नाही ते डूलॅली.

मराठीत एकच शब्द द्यायचा झाला तर माझं मत "भंजाळलेला". वेडा फार जड होतो, चक्रम म्हणजे कायमचाच तसा, आणि "सटकली" मध्ये राग येतो. भंजाळण्यात मात्र ते "मूळचा बरा होता, परिस्थितीने असा झाला" हे बरोब्बर येतं, आणि पुढची सगळी हकीकत त्याचीच आहे.

वाक्यात कसं वापरायचं?

बहुतेक वेळा क्रियापदानंतर येतं. "ही हॅज गॉन डूलॅली", "आय अ‍ॅम गोइंग डूलॅली", "शी इज अ बिट डूलॅली". नामाच्या आधी लावून "अ डूलॅली मॅन" असं कोणी फारसं म्हणत नाही, कानाला खटकतं. "गो" बरोबर त्याची जोडी घट्ट आहे. गंमत म्हणजे "गॉन डूलॅली" मधला "गॉन" मुळात खरोखरच देवळालीला गेलेला आहे असं वाटतं, आपण म्हणतो ना "ह्याला आता ठाण्याला पाठवा" किंवा "येरवड्याला न्या", तसं. पण ते माझ्या डोक्यातलं आहे हं, व्याकरण म्हणून बघितलं तर गॉन मॅड, गॉन क्रेझी सारखंच ते साधं "झाला" आहे.

उच्चार? डूलाली की दूलॅली?

डू-लॅ-ली. जोर मधल्या लॅ वर. स्पेलिंगं दोन-तीन प्रकारची सापडतात, डॅश घालून, न घालता, शेवटी वाय किंवा आय. सगळी चालतात.

पण देवळालीचं डूलॅली झालं कसं?

साहेबाच्या तोंडात. आपला दंत्य "द" त्यांच्याकडे नाही, तो "ड" होतो. "ळ" तर नाहीच, तो "ल" झाला. राहिला मधला "व", तो त्यांनी कागदावर "ओ" केला, म्हणून जुन्या इंग्रजी कागदांवर सगळीकडे देओलाली दिसतं. आता हे देओलाली एखाद्या लंडनच्या नाहीतर कार्डिफच्या पोराने रोज दहा वेळा भरभर म्हटलं की पहिले दोन स्वर एकमेकांत मिसळून डू राहतो आणि पुढे लॅली. आणि लॅ-ली, ला-ला, डिली-डॅली असल्या गाण्यासारख्या आवाजांची इंग्रजीला आधीपासून हौस आहे, त्यामुळे ऐकायलाच जरा खुळचट वाटणारा शब्द तयार झाला. अर्ध काम आवाजानेच केलं म्हणा. त्यांनी त्याऐवजी छावणी सिन्नरला टाकली असती तर मला नाही वाटत कोणी "गॉन सिन्नर" म्हणत बसलं असतं, त्या आवाजाचा इंग्रजीत भलताच अर्थ होतो, पापी.

मूळ नावात मात्र देऊळ उघड दिसतंय. देवळांच्या गावावरून वेड्याचं विशेषण, असो.

देवळालीत असं होतं तरी काय?

ब्रिटिश सैन्याचा ट्रान्झिट कॅम्प. १८५७ नंतर इंग्रजांनी हिंदुस्थानात गोऱ्या सैनिकांची संख्या वाढवली, पुढची कित्येक वर्षं साठ-सत्तर हजार गोरे शिपाई इथे असायचे. ते बोटीने मुंबईला उतरायचे आणि मुदत संपली की मुंबईहूनच परत जायचे. आता एवढी माणसं मुंबईच्या दमट हवेत, कॉलऱ्याच्या भीतीत ठेवायची कुठे? म्हणून १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला घाटावर देवळालीला छावणी टाकली. मुंबईपासून सुमारे १८० किलोमीटर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, हवा कोरडी, पाणी बरं. १८६५ पर्यंत थळ घाटातून, म्हणजे आपला कसारा घाट, रेल्वेही वर चढली. म्हणजे बोटीतून उतरला की गाडीत बसवा, देवळालीला उतरवा, तिथून ज्याच्या त्याच्या पलटणीत पाठवा. आणि परत जाताना हेच उलटं.

येणाऱ्यांचा प्रश्न नव्हता. ते दोन-चार दिवस, आठवडाभर राहायचे आणि पुढे जायचे. गोची परत जाणाऱ्यांची होती.

का? परत जायला तर आनंद व्हायला पाहिजे ना?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून इथे जरा वेळ काढते.

सैनिकाची नोकरी भरती झालेल्या तारखेपासून मोजली जायची, म्हणजे मुदत वर्षातल्या कुठल्याही महिन्यात संपू शकायची. पण सैन्याच्या बोटी वर्षभर चालत नव्हत्या. ट्रूपशिपचा सीझन साधारण ऑक्टोबर ते मार्च. एप्रिलपासून तांबड्या समुद्रातली भट्टी सुरू, जूनपासून अरबी समुद्र खवळलेला, आणि त्या बोटींत हजाराच्या वर माणसं, बायकापोरंही, कोंबलेली असायची. १८६६-६७ च्या सुमारास फक्त ह्या कामासाठी पाच मोठ्या बोटी बांधल्या होत्या, त्यांची नावं क्रोकोडाइल, युफ्रेटिस, सेरापिस आणि दोन आपल्याकडची, जमना आणि मलबार. पाचही पांढऱ्या रंगवलेल्या. ह्या बोटी एवढ्या माणसांना घेऊन उन्हाळ्या-पावसाळ्यात काढणं परवडणारं नव्हतं.

आता हिशोब करा. एखाद्याची मुदत एप्रिलमध्ये भरली. शेवटची बोट मार्चमध्ये गेली. पुढची ऑक्टोबरात. हा माणूस पाच-सात वर्षं पंजाबात नाहीतर बंगालमध्ये काढून, सामान बांधून, मित्रांना राम राम करून देवळालीला आला आणि तिथे बसला. सहा महिने. काम काही नाही, कारण तो आता पलटणीत नाही. घरी जायचं म्हणून मनाने तर तो केव्हाच बोटीत चढलाय. अंगावर कपडे तेच, जेवण तेच, आणि रोज सकाळी उठून तेच माळरान बघायचं.

आपल्याकडे गाडी दोन तास लेट झाली तर प्लॅटफॉर्मवरची माणसं कशी वागायला लागतात ते बघितलंय ना. त्याला सहा महिन्यांनी गुणा.

हे कोणी लिहून ठेवलंय का, की व्हॉट्सअ‍ॅपी गोष्ट आहे?

लिहून ठेवलंय. फ्रँक रिचर्ड्स नावाचा रॉयल वेल्श फ्युझिलिअर्समधला एक साधा शिपाई होता, अधिकारी नाही, १९०० नंतरच्या काळात हिंदुस्थानात राहिलेला. त्याचं "ओल्ड सोल्जर साहिब" हे आठवणींचं पुस्तक १९३६ मध्ये आलं. त्यात तो सांगतो की मुदत भरलेल्यांना देवळालीत कधी कधी महिनोनमहिने बोटीची वाट बघावी लागायची, त्यांच्याकडे हत्यारं नसायची, अधूनमधून सामानाची तपासणी आणि एखादा लांबचा मार्च सोडला तर वेळ जाता जायचा नाही. सगळी नोकरी डाग न लागता केलेले शिपाई तिथे काहीतरी भानगड करायचे आणि घरी जायच्या ऐवजी आधी तुरुंगात जायचे. काही जण बाजारबसव्यांकडे जाऊन रोग घेऊन हॉस्पिटलात पडायचे. आणि मग तो म्हणतो की "ह्याला डूलॅली टॅप झालाय" ही म्हण बहुतेक त्या छावणीतल्या कंटाळ्याने माणसं विचित्र वागायची त्यावरून आली असावी.

त्याचं ते "असावी" मला फार आवडतं. तिथे राहून गेलेला माणूसही छातीठोकपणे सांगत नाही, आणि आज नेटवर कोणीही उठतं आणि तारखेसकट सांगतं.

त्याच्याही आधी, १९२५ मध्ये, फ्रेझर आणि गिबन्स ह्या दोघांनी सैनिक-खलाशांच्या शब्दांचा कोश काढला त्यातही "देओलाली टॅप" आहे, अर्थ डोकं फिरलेला, आणि शेरा असा की जुन्या आर्मीतला शब्द. म्हणजे १९२५ लाच तो जुना झाला होता. तोंडी तर तो त्याच्या बराच आधीपासून फिरत असणार.

हा "टॅप" कुठून आला? नळ?

नळ नाही. ताप! आपला ताप.

शिपाई लोक हिंदुस्थानी शब्द उचलायचे आणि ताप तर रोजचाच, मलेरियाने फणफणलेली माणसं आजूबाजूला कायम. डास चावून मलेरिया होतो हे रोनाल्ड रॉसने सिकंदराबादला शोधलं ते १८९७ मध्ये, तोपर्यंत ताप म्हणजे घाणेरड्या हवेतून येणारं काहीतरी गूढ प्रकरण. तेव्हा "देवळालीचा ताप" हा शब्द अगदी आजाराच्या नावासारखा तयार झाला, जसं मुंबईची हवा लागली म्हणतो तसं देवळालीचा ताप लागला. फक्त हा ताप थर्मामीटरवर दिसत नाही.

आणि मराठी माणसाला तर हे समजावूनच सांगायला नको. आपल्याकडे ताप दोन प्रकारचा, एक अंगात येतो आणि एक डोक्याला होतो. "डोक्याला ताप" हे शब्द मराठीत रोज शंभर वेळा वापरतो आपण. गोऱ्या शिपायांनी ते आपल्याकडून घेतलं असं मी म्हणत नाही, पण तिथल्या बाजारातल्या माणसाला त्यांचा "डूलॅली टॅप" ऐकून अर्थ लगेच कळला असणार एवढं नक्की.

अजून एक जाता जाता. ताप संस्कृत "तप्" वरून, तापणे. लॅटिनमध्ये ह्याचंच भावंड "टेपेरे", कोमट असणे, त्यावरून इंग्रजीत टेपिड, म्हणजे कोमट. म्हणजे हा धातू इंग्रजीत दोनदा पोचला, एकदा रोमच्या रस्त्याने कोमट होऊन आणि एकदा नाशिकच्या रस्त्याने फणफणून.

मग आता टॅप का गळाला?

कारण विलायतेत ताप कोणाला कळेना. टॅप म्हणजे नळ नाहीतर टकटक, त्यामुळे डोक्यावर टिचकी मारून "टॅप" म्हणायचे वगैरे प्रकार झाले. शेवटी मागचं शेपूट पडलं आणि गावाचं नाव तेवढं राहिलं. टॅप होता तोपर्यंत तो एक आजार होता, म्हणजे नाम. टॅप गेला आणि एकटं डूलॅली विशेषण झालं.

मी तर वाचलंय की देवळालीत वेड्यांचं हॉस्पिटल होतं, म्हणून हा शब्द आला.

हे खूप ठिकाणी लिहिलेलं असतं. देवळालीत मिलिटरी हॉस्पिटल होतं, हवेसाठी आजारी सैनिकांना ठेवायचेही. मानसिक आजार झालेल्या सैनिकांना इंग्लंडला परत पाठवायचे, तिकडे साउथॅम्प्टनजवळ नेटली इथल्या सैन्याच्या अवाढव्य हॉस्पिटलात त्यांच्यासाठी वेगळा विभाग होता. आता बोट मुंबईहूनच सुटणार म्हटल्यावर घरी जाणाऱ्यांच्या गर्दीत असे रुग्णही असणार हे उघड आहे. त्यामुळे "देवळालीला पाठवला" ह्याचा अर्थ "डोक्याने गेला" असा लागायला तेही कारण झालं असेल.

पण मला स्वतःला वेड्यांच्या हॉस्पिटलची थिअरी जरा सोयीची वाटते. आग्रा, रांची, ठाणे, येरवडा ह्यांच्या बाबतीत तसं झालंय म्हणून इथेही तसंच झालं असणार असं आपण धरून चालतो. फ्रँक रिचर्ड्सची गोष्ट कमी नाट्यमय आहे, नुसतं बसवून ठेवलं म्हणून माणसं बिघडली, आणि म्हणूनच ती मला जास्त खरी वाटते.

उन्हामुळे वेडे झाले असं पण म्हणतात ना?

ऊन असतं एप्रिल-मेमध्ये, नाही कशाला म्हणू. पण अहो, देवळाली ही हवा खायला जायची जागा आहे! मुंबईच्या पारशी, गुजराती लोकांनी तिथे सॅनेटोरियमं आणि बंगले बांधले ते काय उन्हाने वेडं व्हायला? जो शिपाई मुलतानचा नाहीतर झाशीचा उन्हाळा काढून आला, त्याला देवळालीचं ऊन म्हणजे दिलासा. मामाकडे तर मे महिन्यात रात्री गच्चीवर चादर लागायची. ऊन हे कारण इंग्लंडात बसून लिहिणाऱ्यांना सुचलेलं आहे असं माझं स्पष्ट मत.

बाकीच्या सैन्यांत असं काही नव्हतं?

होतं की. फ्रेंचांच्या फॉरेन लीजनमध्ये, अल्जीरियाच्या वाळवंटातल्या ठाण्यांवर, ह्याच कंटाळ्याच्या वेडाला "काफार" म्हणायचे. शब्दशः झुरळ. डोक्यात झुरळ शिरलंय. इंग्रजांनी गावाला नाव ठेवलं, फ्रेंचांनी झुरळाला.

सैन्यातला शब्द घराघरात कसा गेला?

दोन महायुद्धांनी. दुसऱ्या महायुद्धात तर देवळालीतून ब्रिटिश पोरांची नुसती रांग लागलेली होती, ब्रह्मदेशच्या आघाडीवर जाणारे, तिकडून येणारे, सुटका होऊन घरी जायला निघालेले. ह्यातले बहुतेक सक्तीने भरती झालेले कारकून, शिक्षक, दुकानदार. ते घरी गेले आणि शब्द घेऊन गेले.

मग १९७४ मध्ये बीबीसीवर "इट एन्ट हाफ हॉट मम" ही विनोदी मालिका आली, १९८१ पर्यंत चालली. १९४५ सालच्या देवळालीतल्या सैनिकांच्या नाटक-गाण्याच्या पार्टीची गोष्ट. लिहिणाऱ्या दोघांपैकी जिमी पेरी स्वतः युद्धात देवळालीला असल्या पार्टीत होता. त्यामुळे तिकडच्या साठी-सत्तरीच्या माणसाला देवळाली नाव माहीत असतं, आपल्या सोलापूर-कोल्हापूरच्या माणसाला नसलं तरी. पण त्या मालिकेत हिंदुस्थानी बेअररचं, म्हणजे साहेबांच्या नोकराचं, मुख्य काम तोंड रंगवलेल्या गोऱ्या नटाने, मायकल बेट्सने, केलं होतं, त्यामुळे बीबीसी आता ती परत दाखवत नाही. बेट्सचा जन्म झाशीचा आणि त्याला हिंदुस्थानी येत होतं असं त्याच्या बाजूने सांगतात. ते ठीक आहे, तरी बघवत नाही.

असे अजून विशेषणं गेलीत का इकडून?

बरीच, आणि बहुतेक ह्याच शिपायांच्या खिशातून. पक्का हे सगळ्यात मानाचं, पका असं म्हणतात, अर्थ अस्सल, एक नंबर. कुशी म्हणजे आरामाची, विशेषतः नोकरी, हे आपलं खुश. बक्शी म्हणजे फुकटचं, वरचं, हे बक्षीस. खाकी तर आहेच. आणि वेडेपणाच्याच खात्यातलं अजून एक, पॉगल, म्हणजे पागल. ते १८८६ च्या "हॉब्सन-जॉब्सन" ह्या जाडजूड अँग्लो-इंडियन कोशात आहे. म्हणजे वेड्यासाठी त्यांनी आपल्याकडून दोन शब्द नेले, एक नव्हे. कुठल्या कामासाठी लागले असतील ते बघा.

देवळालीत बसून ते ज्याची वाट बघायचे त्याचा शब्दसुद्धा इथलाच. ब्लायटी. म्हणजे मायदेश, इंग्लंड. आपलं विलायती, बिलायती. साहेबाला स्वतःच्या घराला लाडाने हाक मारायला शब्द सापडला तो आपल्या बाजारात.

महाराष्ट्रातल्या गावांची नावं अजून कुठली गेली इंग्रजीत?

मुंबईचं डोंगरी. तिथल्या जाड्याभरड्या कापडाला डुंगरी म्हणायचे, त्यावरून डंगरीज, ती पट्ट्याची पँट. कोणी नवीन आई मुलाला डंगरी घालून मिरवते तेव्हा मला फार सांगावंसं वाटतं, पण गप्प बसते. आणि बॅडमिंटनला सुरुवातीच्या काळात पूना म्हणायचे, कारण पुण्याच्या छावणीत गोरे अधिकारी तो खेळायचे. ते नाव टिकलं नाही, पुणेकरांनी वाईट वाटून घेऊ नये. प्राण्यांमध्ये मुंगूस गेलंय, इंग्रजीतलं मंगूस हे मराठीच आहे.

पण ही सगळी नामं आहेत. गावाच्या नावाचं विशेषण होऊन बसलंय असं मला तरी फक्त देवळालीचं माहीत आहे.

ती देवळाली नक्की कुठली? आमच्या राहुरीजवळ पण देवळाली आहे.

ती देवळाली प्रवरा, नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातली, तिचा ह्याच्याशी काही संबंध नाही. अजून गोंधळ म्हणजे नाशिकरोडला लागून देवळाली गाव वेगळं आणि देवळाली कॅम्प वेगळा. शब्द आला तो कॅम्पावरून. कॅम्पाच्या शेजारीच भगूर, सावरकरांचं जन्मगाव. रिक्षावाल्याला नुसतं देवळाली म्हणालात तर तो विचारणार, गाव का कॅम्प? हे विचारणं दीडशे वर्षांपूर्वी चालू झालं असतं तर इंग्रजीत शब्द "कॅम्प" झाला असता, आणि सगळी मजा गेली असती.

तिथल्या लोकांना ह्याचं वाईट वाटत नाही?

माहीतच नाही तर वाईट कुठून वाटणार. मी मामाला सांगितलं तेव्हा तो पेपर वाचत होता. सगळं ऐकून घेतलं, चष्मा खाली केला, म्हणाला, "म्हणजे ते येडे होते आणि नाव आपलं खराब?" आणि परत पेपर वर. मामी आतून ओरडली की मग काय, तुम्ही रिटायर होऊन घरात बसलात तेव्हापासून तुमचंही तेच चाललंय. मामा सहा महिन्यांपूर्वी रिटायर झाला होता. रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो गॅलरीत बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्या बस मोजायचा. मी हसले, पण नंतर गाडीत बसल्यावर तेच डोक्यात राहिलं.

डूलॅली नावाची बिअर पण आहे ना?

आहे. पुण्यात २००९ मध्ये देशातल्या पहिल्या काही मायक्रोब्रुअरींपैकी एक ह्याच नावाने सुरू झाली, पुढे मुंबईत डूलॅली टॅपरूम निघाल्या. डूलॅली आणि टॅप! ताप परत जोडला, फक्त ह्या वेळी खरोखर नळाच्या अर्थाने. ज्याने कोणी हे नाव ठेवलं त्याला सलाम. तिथे बसलेल्या दहातल्या नऊ जणांना हा विनोद कळत नाही असा माझा अंदाज, मी एकदा शेजारच्या टेबलला सांगायला गेले तर त्यांना वाटलं मला चढलीये.

ऑफिसमध्ये हा शब्द वापरला तर चालतो का?

ब्रिटिश माणसांशी, गप्पांमध्ये, मशीनबद्दल किंवा स्वतःबद्दल, बिनधास्त. ईमेलमध्ये, रिपोर्टमध्ये नको. अमेरिकन क्लायंटला बऱ्याचदा कळतच नाही, उगाच समजावत बसावं लागतं. आणि खरोखर मानसिक आजार असलेल्या किंवा विसरभोळेपणाच्या आजाराने त्रासलेल्या म्हाताऱ्या माणसाबद्दल तर अजिबात नको. काही जण तिकडे तसं वापरतात, वाईट दिसतं. आपण कोणाच्या आजारी वडिलांना "भंजाळलेत" म्हणू का? नाही ना, तसंच.

मुलांना परीक्षेत इंग्रजी निबंधात टाकू देऊ का असं एका ताईंनी विचारलं होतं. नका टाकू. तपासणाऱ्याला स्पेलिंगची चूक वाटेल, मला वाटली तशीच. तसा डिलेड हा माझा अंदाज फार काही चुकला नव्हता म्हणा, बोट लेट म्हणूनच तर सगळं झालं.

आता तिथे जाऊन काही बघता येतं का? त्या छावणीची खूण वगैरे?

छावणी आहेच, फक्त माणसं बदलली. स्वातंत्र्यानंतर आपल्या सैन्याचं तोफखान्याचं स्कूल तिथे आहे, आजूबाजूला सगळा मिलिटरीचा भाग, त्यामुळे हवं तिथे घुसून फोटो काढता येत नाहीत, उगाच जवानांशी हुज्जत घालू नका. लॅम रोडने चक्कर मारा, जुने बंगले, मोठाली झाडं, बाजारातली बेकरी. सकाळी लवकर गेलात तर लांबून तोफांच्या सरावाचा धडाडधुम आवाजही येतो, मामाकडे खिडकीची तावदानं थरथरायची.

त्या शब्दाची खूण म्हणाल तर काही नाही. पाटी नाही, फलक नाही. कॅन्टोन्मेंटच्या इंग्रजी पाट्यांवर अजून साहेबाचं देओलाली स्पेलिंग आहे, पण रेल्वे स्टेशनवर मात्र "व्ही" घालून सरळ देवलाली लिहिलंय. त्यामुळे एखादा गोरा आजोबांची छावणी शोधत आलाच, तर गाडी मिनिट-दोन मिनिटं थांबते तेवढ्यात पाटी वाचून त्याला कळायचं नाही, आणि तो नाशिकरोडला उतरेल. तिथून रिक्षा मिळते. गाव नाही, कॅम्प म्हणायचं.